सुई मधोमध

माझ्या नातीने पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला आणि त्याच्या डोक्यावरची चकती 'एम'वर आणून मला म्हणाली, "आजी, आता कॅमेरा काही ठरवत नाही. उजेड किती घ्यायचा ते मी ठरवते." एम म्हणजे मॅन्युअल, हेही तिने मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगण्यातलं सुख तरुणांना घेऊ द्यावं, आपलं काही जात नाही. तिने खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीचा फोटो काढला, पाठीमागच्या पडद्यावर बघितला, "काळा आला" म्हणाली, दुसरी एक चकती दोन घरं फिरवून पुन्हा काढला. "आता पांढरा." चौथ्या फोटोला तुळस तुळशीसारखी आली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

मला एवढंच शिकायला तीन महिने लागले होते. आणि त्या तीन महिन्यांत मी दुसऱ्या एका बाईच्या आईचं तोंड दोनदा बिघडवलं होतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही सिल्वासात राहायला होतो. हे बांधकाम खात्यात होते आणि मी मराठी शाळेत शिक्षिका. माझ्या वर्गात निम्मी मुलं धुळे-जळगावकडून आलेल्या कामगारांची. मसाट आणि सायलीकडे एकेक कारखाना उभा राहत होता आणि दर जूनमध्ये माझा एकेक बाक वाढत होता. आम्ही दोघं कोकणातले, नवीन संसार, मूलबाळ नाही, संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ बोटीवरून रजेवर आला आणि मला एक वापरलेला कॅमेरा देऊन गेला. काळ्या चामड्याच्या पेटीत, वजनाला वरवंट्याएवढा, आणि त्यात आपोआप होणारी एकही गोष्ट नाही.

त्याने जाताना जे शिकवलं ते मी वहीत लिहून घेतलं. भिंगाच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. आणि एक पडदा असतो, शटर, तो किती वेळ उघडा ठेवायचा तेही आपल्या हातात. मी माझ्यापुरतं ते नळाखालच्या हंड्यासारखं लावून घेतलं. नळ मोठा सोडला तर हंडा लवकर भरतो, बारीक सोडला तर वेळ लागतो. अर्धा राहिला तर फोटो काळा, ओसंडला तर पांढरा. आणि हंडा नेमका काठोकाठ भरणार की नाही हे सांगायला, डोळा लावतो त्या खिडकीत उजव्या बाजूला एक बारीक सुई. ती वर गेली तर उजेड जास्त, खाली गेली तर कमी. भाऊ म्हणाला, "ताई, सुई मधोमध आणायची आणि दाबायचं. बस."

मला अशी वाक्यं फार आवडायची. गणित शिकवायचे ना मी. उत्तर मागच्या पानावर आहे, ही कल्पनाच मला सुखाची वाटायची.

तर ही अशी मी: अठ्ठावीस वर्षांची, कानामागे आकडे लावलेली वेणी, गालभर चष्मा आणि रविवारी गळ्यात तो वरवंटा. राखोलीच्या पुलावर यांना उभं करून मी "हलू नका" असं दहा मिनिटं म्हणत असे. ते बिचारे दमणगंगेकडे बघत उभे राहत. हळदीकुंकवाला गेले तरी मी बायकांना भोक आणि शटर सांगायचे. एकीने विचारलं, एवढं शिकून फोटो चांगले येतात का, तर मी म्हणाले, "सुई मधोमध असली की येणारच." त्या स्वरात मी आजकाल फक्त टीव्हीवरच्या तज्ज्ञांना बोलताना ऐकते.

शाळेत एक मावशी होती. घंटा द्यायची, पाणी भरायची, लहान वर्गातल्या मुलांची नाकं पुसायची. वारली समाजातली, राखोलीच्या पलीकडच्या पाड्यावरून चालत यायची. तिची बोली वेगळी. त्यात मराठी, गुजराती दोन्ही डोकावायचं. ती मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. लिहायला गेले तर ती वरून हसेल, म्हणून तिचं बोलणं मी माझ्याच मराठीत सांगते. ती मला "बेन", म्हणजे बहीण, म्हणायची आणि "तू" म्हणायची. तिच्या बोलीत सगळ्यांनाच "तू" होतं, मुख्याध्यापकांनाही. मला ते आधी खटकायचं. मी पदवीधर होते ना.

दिवाळीनंतर एकदा ती मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि हिवाळ्याच्या अखेरीला सिल्वासात डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर होणार होतं. मावशीने आईचं नाव घातलं होतं, पण पाड्यावर कोणीतरी सांगितलं होतं की असाच एक म्हातारा गेला तो परत आलाच नाही. आईला नेणार हे तिने ठरवलंच होतं. तरी भीती होती. म्हणून नेण्याआधी तिला आईचा एक फोटो हवा होता.

मी म्हटलं, हो काढू की, त्यात काय. माझं "त्यात काय" तिला पुरेसं वाटलं नसावं. ती तिथेच उभी राहिली आणि मग तिने तिच्या बापाचं सांगितलं. तो गेला तेव्हा ती आठ-दहा वर्षांची होती. फोटो नव्हता. त्याचा खोकला तिला आठवत होता, विडीचा वास आठवत होता, दारात काठी टेकवून ठेवायची जागासुद्धा आठवत होती.

"तोंड येत नाही, बेन," ती म्हणाली. "डोळे मिटून बसते. सगळं येतं, तोंड येत नाही."

हे ऐकून मी काय केलं? वहीत नोंद केली: रविवार, सकाळी अकरा, शाळेचं अंगण.

शाळेचंच अंगण का, तर तिथे नुकताच चुना मारलेला होता. पांढरीशुभ्र भिंत, त्यावर ऊन. मला वाटलं जितका उजेड तितका फोटो चांगला. मावशीची आई काठी धरून, मावशीच्या हाताला लागून चालत आली. बारीकशी, वाकलेली, काळसर लाल लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. रंग मायलेकींचा सारखाच, उन्हात राबलेला गडद काळा. मी म्हातारीला मुख्याध्यापकांच्या खुर्चीत भिंतीपुढे बसवलं. दहा पावलं मागे गेले. खिडकीत बघितलं, भोक बारीक केलं, शटर जलद केलं, सुई मधोमध आणली. तीन फोटो काढले. म्हातारीने मध्ये विचारलं, झालं का. मी म्हटलं, आजी, बोलू नका, हलतं.

छत्तीस फोटोंचा रोल. तो संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही असा आमच्या घरी नियम होता. म्हणून उरलेले फोटो मी यांचे, शेजारणीच्या बाळाचे आणि कपडे वाळत घातलेल्या दोरीचे काढले. मग रोल वापीला गेला. कॉप्या आल्या तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

भिंत अप्रतिम आली होती. चुन्याच्या कुंच्याचे फराटे मोजता येत होते. खुर्चीच्या हातावरचा खिळा दिसत होता. खुर्चीत एक काळा आकार होता. लुगडं होतं, माळा चमकत होत्या, आणि डोकं असतं तिथे एक काळा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही.

मी तो फोटो मावशीला दिला. दिला म्हणजे, खरं सांगायचं तर, इतर फोटोंच्या खाली ठेवून दिला. तिने वरचे सगळे बाजूला केले आणि तोच काढला. बराच वेळ बघितला.

"लुगडं आईचं आहे," ती म्हणाली. "खुर्ची शाळेची आहे. आई कुठाय?"

यावर मी जे बोलले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. आज लिहिते कारण आता माझं काय व्हायचं राहिलं आहे.

मी म्हणाले, "मावशी, रंगच तसा आहे ना. त्याला कॅमेरा काय करणार?"

तिने फोटो पिशवीत ठेवला. संध्याकाळी फोटो घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की आईने तो डोळ्यांना चिकटवून बघितला आणि म्हणाली, बरोबर तर आहे, मला तुमची सगळ्यांची तोंडं अशीच दिसतात. मावशी हे सांगताना हसली, म्हणून मीही हसले. मला वाटलं, सुटले. म्हातारीने माफ केलं. म्हातारीने माफ केलं नव्हतं, तिला दिसत नव्हतं. हा फरक कळायला मला वेळ लागला.

आता रंग हाच दोष असेल तर त्यावर उपाय मला माहीत होता. माझ्यावरच झालेला होता. माझ्या लग्नाच्या आधी, दाखवायच्या फोटोसाठी वडिलांनी मला तालुक्याच्या स्टुडिओत नेलं होतं. तिथे आरशाखाली दात पडलेला कंगवा आणि गुलाबी पावडरचा डबा. बरोबर आलेल्या काकूने माझ्या तोंडाला इतकी पावडर लावली की मी पापण्या मिटल्या तर धूर निघत होता. वर फोटोवाल्याने दिव्यांची काय करामत केली कोण जाणे, फोटोत मी दुधात बुडवून काढल्यासारखी आले. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पुढे त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत, पण तो फोटो त्यांनी अल्बममध्ये लावला नाही.

मी सावळी आहे. चांगली सावळी. हे इथेच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

तर मी घरून पावडरचा डबा घेऊन शाळेत गेले. पुन्हा रविवार, पुन्हा खुर्ची, पुन्हा भिंत. म्हातारीला सांगितलं, आजी, जरा तोंड पुसते, आणि थापली पावडर. तिला दोन शिंका आल्या. तिने हात वर करून स्वतःच्या गालाला बोट लावलं, बोटं एकमेकांवर चोळून बघितली, आणि हात मांडीवर ठेवला. मावशी तिच्या मागे उभी होती. मावशीने मला थांबवलं नाही. शिकलेल्या बाईला थांबवायचं नसतं असं तिला कुठेतरी शिकवलेलं असणार. मी सुई मधोमध आणली.

या वेळी वापीच्या कॉप्या लवकर आल्या. तोंड आलं होतं, असं म्हणता येईल. राखेचं. कान काळे, मान काळी आणि मध्ये राखेचा एक मुखवटा. आमच्या गावाकडे दशावतारात रात्रभर नाचून सोंगाचा रंग सकाळी घामाने ओघळतो, तसं काहीतरी. मावशीने तो फोटो घेतला, एकदाच बघितला आणि उलटा करून पदराखाली धरला.

"असं मेल्यावर करतात," ती म्हणाली आणि घंटा द्यायला गेली.

शिबिराला दहा दिवस उरले होते.

त्या दिवशी मी शाळेतून थेट बाजारातल्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाले एक गुजराती काका होते, पन्नाशीचे, सदा तोंडात बडीशेप. मी त्यांना नेहमी टाळायचे, कारण ते पासपोर्टचे फोटो काढायचे आणि मी कलावंत होते. दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उजेडात धरले, चष्मा वर सरकवला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "बेन, फोटो भिंतीचा पाहिजे होता का?"

मग त्यांनी मला एक काळ्या-पांढऱ्याचा रोल दिला. तो ते स्वतःच्या अंधाऱ्या खोलीत धुवायचे, म्हणजे वापीची वाट बघायला नको. म्हणाले, शाळेत जा, एक फोटो नुसत्या फळ्याचा काढा आणि एक नुसत्या भिंतीचा. बाकी काही दिसता कामा नये. दोन्ही वेळा तुमची ती सुई मधोमध. मग रोल माझ्याकडे आणा, उरलेला वाया जाणार नाही, अंधारात तेवढाच तुकडा कापून धुतो.

मी फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला, काढला. भिंत काढली. दोन दिवसांनी गेले तर काकांनी टेबलावर दोन कॉप्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही राखाडी. एकसारख्या राखाडी, पावसाळी आभाळासारख्या.

"यातला फळा कुठला?" काकांनी विचारलं.

त्या फळ्यावर मी रोज पाच तास लिहीत होते. मी बोट ठेवलं. ती भिंत होती.

काका हसले नाहीत, म्हणून ते मला आवडायला लागले. त्यांनी त्यांच्या गुजराती-हिंदी-मराठीत सांगितलं की सुईला अक्कल नसते. तिला फक्त एक रंग माहीत, मधला. पांढरं दाखवलं तर ती म्हणते फार उजेड झाला, कमी करा, आणि ते मळकं करून ठेवते. काळं दाखवलं तर म्हणते उजेड कमी पडला, वाढवा, आणि ते फिकट करते. तुम्ही तिला पांढरी भिंत दाखवली. तिने भिंतीपुरता उजेड दिला, बाईच्या वाट्याला काही उरलंच नाही. जवळ जा, म्हणाले. इतक्या जवळ की खिडकीत तोंडाशिवाय काही नको. तिथे सुई बघा. काळ्या रंगाला ती थोडा जास्तच उजेड सांगेल, तो थोडा कमी करा, आणि मग ते आकडे हलवू नका. मागे येऊन फोटो काढा.

"मागे आल्यावर सुई बोंबलेल," ते म्हणाले. "बोंबलू द्यायची."

मी घरी आले आणि त्या दोन राखाडी कॉप्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून भाजी चिरत बसले. मला राग आला होता, पण कोणाचा ते ठरत नव्हतं. भावाचा असावा असं मी आधी ठरवलं. मग हळूहळू लक्षात आलं की माझ्या दाखवायच्या फोटोत त्या फोटोवाल्याने हेच केलं होतं. उजेड जास्त दिला होता. म्हणजे माझ्यासाठी, खोटं बोलायला, जास्तीचा उजेड होता. आणि म्हातारीसाठी, नुसतं खरं दिसायला, तो मी दिला नव्हता. वर तिच्या रंगाला नावं ठेवली होती. सुईने निदान सगळ्यांना एकाच रंगाचं धरलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

त्या दिवशी भाजी खारट झाली. यांनी खाल्ली. ते मितभाषी होते.

शिबिराला चार दिवस असताना मी सकाळीच मावशीच्या पाड्यावर गेले. दोन वेळा म्हातारीला तंगडतोड करायला लावली होती, या वेळी मीच चालले. कुडाची, शेणाने सारवलेली भिंत, पुढे पडवी, पडवीच्या सावलीत म्हातारी बसलेली. समोर अंगणात लख्ख ऊन, पण म्हातारीच्या तोंडावर अंगणातून परतून येणारा मऊ उजेड. भिंत शोधायची नाही एवढं मी ठरवून आले होते. मी तिला म्हटलं, आजी, आज पावडर नाही. ती म्हणाली, बरं झालं, गेल्या वेळची दोन दिवस नाकातून निघत होती.

मग मी गुडघ्यांवर बसले आणि कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेला. एक वीत. खिडकीत फक्त तिचं तोंड. सुई बघायला गेले होते, पण सुई बघायची राहूनच गेली. तिच्या कपाळावर गोंदण होतं, हनुवटीवर तीन ठिपके होते, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांची अशी जाळी होती की तिचं एक टोक हसण्यात आणि दुसरं उन्हात. रंग नुसता काळा नव्हताच; गालफडावर तांबूस, डोळ्यांखाली जांभळट, कपाळावर चमकता. हे तोंड माझ्यापुढे तीन महिन्यांत दोनदा तासतासभर बसलं होतं. मी दोन्ही वेळा दहा पावलांवरून भिंतीचा चुना बघत होते.

मी किती वेळ तशी बसले कोण जाणे. माझा श्वास तिला लागला असेल. दोन पांढरट बुबुळं माझ्या दिशेने वळली.

"बेन," ती म्हणाली, "एवढ्या जवळ तर माझा नवराही येत नसे."

मावशी माझ्या पाठीमागे उभी होती. ती फिस्सकन हसली, तोंडावर हात ठेवून. आणि म्हातारी स्वतःच्याच बोलण्यावर आधी गालात, मग खांद्यांनी, मग सगळ्या अंगाने हसायला लागली. मी घाईघाईने सुई बघितली, काकांनी सांगितल्याप्रमाणे एक घर कमी केलं, आणि चार पावलं मागे सरकले. आता खिडकीत म्हातारी, पडवीचा खांब आणि कडेला उन्हाने पेटलेलं अंगण. सुई सर्रकन वर जाऊन टोकाला टेकली. बोंबललीच ती. माझं बोट चकतीकडे गेलं. ते बोट किती आज्ञाधारक होतं ते मला तेव्हा कळलं. सुई मधोमध आणणं म्हणजे एक सेकंदाचं काम, आणि माझा हात ते माझ्या नकळत करायला निघाला होता. मी तो हात खाली घेतला. म्हातारी अजून हसत होती. मी दाबलं. पुन्हा दाबलं.

काकांनी दुसऱ्या दिवशी कॉपी दिली. अंगण जळून पांढरं झालं होतं. त्यात एक कोंबडी अर्धी विरघळली होती, नुसती शेपूट आणि पाय. खांबाची एक कडा गेली होती. पूर्वीची मी असते तर हा फोटो फाडलाच असता. पण मधोमध म्हातारी होती. गोंदण, तीन ठिपके, सुरकुत्यांची जाळी आणि ते हसू.

मावशीने शाळेच्या पाण्याच्या माठाजवळ उभं राहून तो बघितला. हात पदराला पुसले, पुन्हा बघितला.

"ही आली," ती म्हणाली.

मग तिने पिशवीतून पहिला फोटो काढला, काळ्या गोळ्याचा, आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, हा तुझा, हा तू ठेव. राखेच्या तोंडाच्या फोटोचं तिने काय केलं ते मी विचारलं नाही. मला म्हणायचं होतं की मावशी, मी त्या दिवशी रंगाबद्दल बोलले ते चुकलं. शब्द जमवले होते, घरून चालत येताना पाठही केले होते. तेवढ्यात पाचवीची मुलं पाणी प्यायला आली आणि मी त्यांना रांगेत उभं करायला लागले. गणिताची शिक्षिका माफी मागताना कशी पळते ते बघायचं असेल तर असं.

म्हातारी शिबिराला गेली आणि परतही आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन-तीन आठवड्यांनी, हिरवी पट्टी निघाल्यावर, जाड भिंगाचा चष्मा लावून ती मधल्या सुट्टीत शाळेत हजर. फोटोवाली बेन कोण ते तिला बघायचं होतं. मावशी तिला शिक्षकांच्या खोलीत घेऊन आली. आम्ही सात-आठ जणं डबे उघडून बसलो होतो. म्हातारी सरळ माझ्यापुढे आली आणि वाकून माझ्या तोंडापाशी तोंड आणलं. एक वीत. त्या भिंगांमागे तिचा डोळा लिंबाएवढा दिसत होता. तिने मला कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश वाचलं.

"तू तर काळी आहेस," ती म्हणाली. "आवाजावरून मी तुला गोरी समजत होते."

अख्खी खोली हसली. एकाच्या नाकातून ताक आलं. मीही हसले, पण हसता हसता मला दिसलं की मावशी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि रागाने नव्हे. तिला आठवत होतं. मी म्हणाले, "हो आजी. रंग असाच आहे." आणि मान खाली घालून डब्यातली पोळी खाल्ली. पाठ केलेल्या माफीपैकी एवढीच माझ्याच्याने झाली. मावशीला ती पोचली असावी, कारण दुपारी तिने मला न मागता पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि ती असले लाड कोणाचे करत नसे.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर यांची बदली झाली आणि आम्ही सिल्वासा सोडायला निघालो, तेव्हा ती जाऊन दोन पावसाळे झाले होते. मावशी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाली होती. निरोप घ्यायला मी पाड्यावर गेले. पलीकडे कारखान्याचं कुंपण आलं होतं, मावशीच्या घरावर सिमेंटचे पत्रे आले होते. आत भिंतीवर तो फोटो. चौकटीत बसवलेला, चुलीच्या धुराने थोडा पिवळा पडलेला. अर्ध्या कोंबडीसकट.

मी म्हटलं, मावशी, माझ्या हातून आयुष्यात एवढा एकच बरा फोटो आला. ती म्हणाली, मला काय करायचेत जास्त. मग आम्ही दोघी त्याच्यापुढे जमिनीवर बसलो. तिने चहा केला होता, गुळाचा. बसल्या बसल्या मी तिला विचारलं, बापाचं तोंड पुढे कधी आठवलं का. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

तिने मान हलवली. आठवलं नव्हतं. मग तिने कपाच्या काठाने आईच्या हसण्याकडे बोट केल्यासारखं केलं.

"ही हसतेय ना, ती बापावर हसतेय," ती म्हणाली. "तेवढा तो त्यात आहे."